समोरच्याने एक पत्ता जास्त ओढला आणि जजने फक्त वॉर्निंग दिली, हे बरोबर होतं का?

प्रश्न लांबलचक आहे म्हणून आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मॅजिक द गॅदरिंग म्हणजे प्रत्येकाने स्वतःचा डेक (पत्त्यांचा जोड) आणून खेळायचा पत्त्यांचा खेळ. त्याची क्वालिफायर, म्हणजे मोठ्या स्पर्धेत जागा मिळवून देणारी स्पर्धा, कॉम्पिटिटिव्ह लेव्हलला, कडक नियमांनी चाललेली. समोरच्याने दोन पत्ते ओढायचं स्पेल (एखादी कृती घडवणारा पत्ता) टाकलं आणि तीन ओढले. दोन टर्न झाल्यावर तू जजला बोलावलंस, जजने त्याच्या हातातले सगळे पत्ते तुला दाखवायला लावले, त्यातला एक तुला निवडायला सांगितला, तो डेकमध्ये पिसून टाकला, त्याला वॉर्निंग दिली आणि म्हणाला चला खेळा. गेम तू हरलास. आता तू विचारतोयस की हे चीटिंग नव्हतं का, निदान गेम लॉस (मॅचमधला एक गेम सरळ हरल्याची शिक्षा) तरी द्यायला नको होता का, आणि जाता जाता, जज व्हायचं तर सुरुवात कुठून करायची.

तर उत्तर आधी देते. जजने बरोबर केलं. मी दहा-अकरा वर्षं जजचा काळा शर्ट घालून टेबलांमधून फिरतेय, त्याच्या जागी मी असते तर हेच केलं असतं, फक्त एक गोष्ट जास्तीची केली असती, तुला बाजूला घेऊन दोन प्रश्न विचारले असते. तुला, त्याला नाही. का ते पुढे येईल, राग मानू नकोस.

आपल्याकडे पत्त्यांचा न्याय घरून डोक्यात बसलेला असतो. गणपतीत जागरणाला मेंढीकोट मांडलेलं असतं, कुणीतरी इस्पिक असून नाही म्हणतं, दोन हात झाले की तेच इस्पिक त्याच्याच पानांतून निघतं, आणि मग काका हातातली पानं खाली टाकून म्हणतात डाव आमचा. मुद्दाम केलं की झोपेत केलं, कोण विचारतंय. मॅजिकमध्येसुद्धा बराच काळ साधारण असंच होतं, जास्तीचा पत्ता हातात मिसळला की थेट गेम लॉस. त्यामागचं कारणही खरं होतं, टेबलावर केलेली चूक दोघांना दिसते आणि मागे नेता येते, पण हातात मिसळलेला पत्ता नेमका कोणता हे ओढणाऱ्याशिवाय कुणालाच माहीत नसतं आणि त्याचा शब्द कसा धरायचा. पण व्हायचं काय, की नवीन स्लीव्ह (पत्त्यांवर चढवायच्या प्लास्टिकच्या पिशव्या) एकमेकींना चिकटल्या, एकाच्या जागी दोन आले, आणि दिवसभर नीट खेळलेला माणूस घामाघूम होऊन गेम हरायचा. समोरच्याला गेम फुकट. मग लोक खेळायचं सोडून दुसऱ्याची चूक कधी होते यावरच डोळा ठेवायला लागले.

आता त्या प्रकाराला हिडन कार्ड एरर म्हणतात आणि उपाय तोच जो तू पाहिलास. हात उघडा, समोरच्याने त्यातला एक निवडायचा (तुला आधीपासून माहीत असलेले पत्ते सोडून), तो डेकच्या पिसलेल्या भागात परत. आता हिशेब कर. त्याच्याकडे एक सरासरी पत्ता जास्त आला होता. गेला कोणता, तर तूच लिहिलंयस, सगळं बोर्ड साफ करणारा, ज्याच्या जिवावर तो बसला होता तो. वर तुला त्याचा अख्खा हात बघायला मिळाला. मला विचारशील तर त्या क्षणी तू पुढे होतास, गेम तू नंतर हरलास तो दुसऱ्या कशाने तरी. दुरुस्ती समोरच्याच्या हातात मुद्दाम दिलीय, चूक करणाऱ्याला ती कधीच परवडू नये म्हणून.

आणि वॉर्निंग म्हणजे ‘जा बाबा’ नव्हे. ती नोंदवली जाते, त्याच प्रकारची तिसरी झाली की ती गेम लॉस होते. शिवाय जजला त्यातून पॅटर्न दिसतो, आज एका माणसाच्या नावावर सकाळपासून दोनदा ‘चुकून’ जास्तीचा पत्ता आलाय म्हटलं की पुढच्या वेळी मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारीच बसते.

एक बारीक फरक सांगते कारण यावर लोक फार भांडतात. तिसरा पत्ता त्याने उचलला पण अजून हातातल्या बाकीच्यांत मिसळला नव्हता, वेगळा दिसत होता, आणि तेवढ्यात तू थांबवलं असतंस, तर तो हिडन कार्ड एरर नाहीच, तो फक्त जास्तीचा पत्ता बघितला. तो एकच पत्ता पिसून परत, हात दाखवायची गरज नाही, वॉर्निंग तीच. म्हणजे सगळं त्या एका सेकंदावर ठरतं, पत्ता बाकीच्यांना लागला की नाही. म्हणून जज आला की आधी विचारतो, ‘कुठला पत्ता होता? अजून वेगळा आहे का?’ आणि तेव्हा खेळाडू हात छातीशी धरून पत्ते इकडून तिकडे सरकवत असतो, तो त्याचा घाबरून केलेला चाळा असतो पण त्याने पुरावाच नाहीसा होतो. जजला बोलावलं की पत्ते टेबलावर उलटे ठेवायचे आणि हात बाजूला.

आता चीटिंग. हा शब्द आपण रडीच्या डावापासून ते खऱ्या लबाडीपर्यंत सगळ्यालाच लावतो. नियमपुस्तकात त्याला दोन अटी आहेत आणि दोन्ही लागतात. एक, आपण करतोय ते नियमाबाहेरचं आहे हे त्या माणसाला माहीत पाहिजे. दोन, त्यातून काहीतरी फायदा उकळायचा त्याचा प्रयत्न पाहिजे. दोन्ही असतील तर वॉर्निंग नाही, गेम लॉस नाही, थेट डिस्क्वालिफिकेशन, स्पर्धेतून घरी. दोनपैकी एक नसेल तर चूक, चुकीला चुकीचा उपाय. मध्ये ‘थोडीशी चीटिंग’ अशी पायरी नाही.

हे तपासायचं कसं? मनात शिरता येत नाही. दोघांना वेगवेगळं बाजूला घ्यायचं, एकमेकांना ऐकू जाणार नाही इतकं लांब, आणि साधे प्रश्न. स्पेलवर काय लिहिलंय सांग. त्या आधी हातात किती पत्ते होते? त्यानंतर काय खेळलास? आणि मग मी टेबलाकडे बघते: जास्तीच्या पत्त्याने त्याला खरंच काही मिळत होतं का? त्याच्या समोर चार लँड (स्पेल टाकायची ताकद देणारे पत्ते) आहेत, हात भरलेला आहे, आधीच गेम त्याच्या बाजूला झुकलाय, तर तिथे दहा लोकांसमोर एक पत्ता चोरण्यात काही अर्थ नाही. उलट तो दोन लँडवर अडकलाय आणि नेमका या टर्नला तिसरा लँड पडला तर मी पाच मिनिटं जास्त घेते. तुझ्या वर्णनावरून तुझा विरोधक पहिल्या प्रकारातला वाटतो. त्याने तिन्ही पत्ते टेबलावर एक-एक करून ओढले, तुझ्या डोळ्यांसमोर. चोर असा ओढत नाही.

आता तुझं ते वाक्य. तू लिहिलंयस, ‘मला तेव्हाच दिसलं होतं की त्याने तीन घेतले, पण म्हटलं जरा थांबू, पुढे गेला की गेम लॉस जास्त पक्का होईल.’

अरे हे वाक्य तू माझ्यासमोर टेबलावर बोलला असतास तर चौकशी तुझी सुरू झाली असती. स्वतःच्या मॅचमध्ये झालेली चूक दिसली आणि ती दाखवायची नाही, का तर त्यातून आपला फायदा होईल, हे चीटिंगच्या व्याख्येत लिहिलेलं आहे. चूक समोरच्याची असली तरी. म्हणजे त्या टेबलावर त्या क्षणी त्याला वॉर्निंग आणि तुला डिस्क्वालिफिकेशन असा निकाल निघू शकला असता, आणि मॅचभर तू स्वतःला फसवला गेलेला समजत होतास. तुला वाचवलं असतं ते पहिल्या अटीने. लगेच सांगायचं असतं हे तुला माहीतच नव्हतं, तसं तू पुढे लिहिलंयसच, म्हणजे जाणूनबुजून नियम मोडला असं होत नाही. त्याला जी सवलत मिळाली म्हणून तू चिडलायस तीच तुला लागू पडते. आता मात्र तुला माहीत आहे, पुढच्या वेळी ही पळवाट नाही.

यावर हमखास येणारा प्रतिप्रश्न, ‘पण लोक तर ट्रिगर सांगत नाहीत, त्यांना कुणी काही बोलत नाही’. बरोबर, ट्रिगर म्हणजे ठरावीक गोष्ट घडली की आपोआप होणारा पत्त्याचा परिणाम, तो एकच मोठा अपवाद आहे. 2012 च्या आधी ट्रिगर लक्षात ठेवणं ही दोघांची जबाबदारी होती, म्हणजे समोरच्याचा फायद्याचा ट्रिगर तो विसरला तर तुलाच आठवण करून द्यायची, नाहीतर तू दोषी. लोक वैतागले, कारण स्वतःच्या पराभवाला स्वतःच पाणी घालायचं. मग बदललं. आता ज्याचा ट्रिगर त्याने लक्षात ठेवायचा. समोरचा विसरला तर तू गप्प बसलास तरी चालतं, आणि विसरणाऱ्याला वॉर्निंगसुद्धा साधारणपणे तेव्हाच जेव्हा तो ट्रिगर त्याच्या स्वतःच्या नुकसानीचा असेल, म्हणजे दर टर्नला एक लाइफ (संपले की गेम हरायचा ते गुण) जायचं आणि तो सोयीस्करपणे विसरतोय. पण ट्रिगर म्हणजे काय ते नीट बघ, पत्त्यावर ‘व्हेन’, ‘व्हेनएव्हर’ किंवा ‘अ‍ॅट’ असेल तर ट्रिगर. ‘ड्रॉ टू कार्ड्स’ हा ट्रिगर नाही, ती स्पेलची आज्ञा आहे, तिथे गप्प बसायचा हक्क नाही.

बोलण्याचाही नियम आहे आणि माझ्या मते तो सगळ्यात सुंदर लिहिलाय. काही गोष्टी विचारल्या की खरं आणि पूर्ण सांगावंच लागतं, लाइफ किती, कुठला पत्ता टॅप (वापरून आडवा केलेला) आहे, आत्ता काय टाकलंस. काही गोष्टी अशा की सांगायलाच पाहिजेत असं नाही, पण खोटं बोलता येत नाही. टार्मोगॉइफ नावाचा क्रीचर (लढणारा पत्ता) घे, 2007 पासून जजांचा लाडका पत्ता. त्याची ताकद म्हणजे सगळ्यांच्या ग्रेव्हयार्डमध्ये (वापरून झालेल्या पत्त्यांच्या ढिगात) मिळून पत्त्यांचे किती प्रकार आहेत तेवढी, आणि टफनेस (तेवढं डॅमेज झालं की मेला) त्याहून एक जास्त. ग्रेव्हयार्डमध्ये फक्त लँड आणि क्रीचर असेल तर तो दोन-तीन, म्हणजे ताकद दोन, टफनेस तीन. तू म्हणतोस लाइटनिंग बोल्ट, तीन डॅमेज, मेला. नाही मेला. बोल्ट आपलं काम करून ग्रेव्हयार्डमध्ये जातो, तो इन्स्टंट, म्हणजे तिसरा प्रकार आला, गॉइफ झाला तीन-चार, आणि कोण मेलं कोण जगलं याची तपासणी स्पेल पूर्ण संपल्यावर होते. तीन डॅमेज, टफनेस चार. जिवंत. आता बोल्ट टाकण्याआधी तू विचारलंस ‘हा किती आहे?’ आणि तो म्हणाला ‘आत्ता दोन-तीन’, तर ते खरं आहे, तुझं तू बघ. ‘तूच मोज’ म्हणाला तरी चालेल. पण ‘बोल्टने मरेल ना?’ वर ‘हो हो मरेल’ म्हणाला तर त्याने नियमांबद्दल खोटं सांगितलं, तिथे मी येणार. आणि मला विचारलंस तर मी पत्त्यावरची नेमकी ओळ वाचून दाखवेन, पण तुझ्यासाठी मोजून देणार नाही. लोकांना वाटतं जज आखडू आहे. मोजणं हा खेळाचा भाग आहे, तो मी खेळले तर समोरच्यावर अन्याय.

शब्दांवरून तर काय काय होतं. 2017 मध्ये डब्लिनला प्रो टूर (मॅजिकची वरच्या पातळीची स्पर्धा) झाली, तिथे एक खेळाडू नुसतं ‘कॉम्बॅट’ (हल्ल्याचा टप्पा) म्हणाला आणि मग कॉम्बॅटच्या सुरुवातीला करायचं काहीतरी करायला गेला, तर निकाल आला की ती वेळ गेली, तू तो शब्द उच्चारलास म्हणजे तू तिथून पुढे गेलास. तेव्हाच्या नियमाप्रमाणे निकाल बरोबर होता पण बघणाऱ्या कुणालाच तो पटला नाही, आणि थोड्याच महिन्यांत तो शॉर्टकटच (एका शब्दावरून काय धरायचं तो नियम) बदलला, आता ‘कॉम्बॅट’ म्हणून सुरुवातीचे ट्रिगर सांगता येतात. नियम असे बदलतात, वरून कुणाला साक्षात्कार होत नाही, टेबलावर काहीतरी विचित्र होतं आणि मग लोक बसून ते पान पुन्हा लिहितात.

आपल्याकडे ‘कॉम्बॅट’पेक्षा घातक शब्द आहे ‘हं’. मुंबईत एका स्टोअरमध्ये दोन मुलं खेळत होती, एकाने स्पेल टाकलं, दुसरा पत्त्यावर वाकून म्हणाला ‘हं’, पहिल्याने डेक उचलला त्यातला पत्ता शोधायला, दुसरा ओरडला थांब थांब मी काउंटर करणार होतो, म्हणजे ते स्पेल हाणून पाडणार होतो. आता ‘हं’ म्हणजे ‘चालेल’ की ‘ऐकतोय, वाचतोय’? मराठी माणूस दिवसातून दोनशे वेळा दोन्ही अर्थाने म्हणतो. मी दोघांना वेगळं विचारलं, आधीच्या टर्नना काय म्हणत होता? दोघांचं उत्तर सारखं निघालं, जाऊ द्यायचं असेल तेव्हा तो ‘चालेल’ म्हणत होता. डेक उचलला होता पण एकही पत्ता बघितला नव्हता. मग सोपं झालं, डेक खाली, स्पेल अजून हवेत आहे, कर काउंटर. ज्याच्या विरुद्ध गेलं तो फार रागावला होता. आता तो प्रत्येक स्पेलला ‘रिझॉल्व्ह?’ (म्हणजे ‘होऊ देतोस ना?’) असं खणखणीत विचारतो, हॉलच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येतं.

एक प्रसंग असाही, जिथे हेतू स्वच्छ असून शिक्षा मोठी द्यावी लागली, नाहीतर तुला वाटेल मी सगळ्यांनाच सोडते. जुलै, बाहेर धो-धो पाऊस, डेक चेक. डेक चेक म्हणजे राउंड सुरू होताना दोघांनी पिसून समोर ठेवलेले डेक आम्ही उचलून नेतो, खेळाडूने आधी दिलेल्या पत्त्यांच्या लिस्टशी ताडतो, स्लीव्ह बघतो, आणि गेलेला वेळ अधिक तीन मिनिटं परत देतो. एका मुलाचा डेक मी टेबलावर ठेवला आणि सहज काटला. वर आला त्याच्या डेकचा मुख्य पत्ता. परत पिसला, परत काटला, पुन्हा तोच. चारही प्रती फॉइल (चकचकीत थराच्या) होत्या आणि दमट हवेत फॉइल धनुष्यासारखं वाकतं, डेकला बाजूने बघितलं की चार बारीक फटी दिसायच्या. बाकी छप्पन्न पत्ते सपाट. त्याला बोलावलं, तो अक्षरशः रडवेला, म्हणे ताई, दिसायला छान दिसतात म्हणून घेतले हो. माझा पूर्ण विश्वास बसला. पण सगळ्यात महत्त्वाचे चार पत्ते न बघता ओळखू येतायत, हा पॅटर्न आहे, तिथे मार्क्ड कार्ड्सची वॉर्निंग चढून गेम लॉस होते. दिला. हेतू वाईट असता तर तो दिवसच संपला असता, नव्हता म्हणून साधे पत्ते घालून पुढच्या गेमला बसला. पावसाळ्यात फॉइल घरी ठेवा, एवढंच सांगते सगळ्यांना.

बाकी शिक्षांबद्दल फार लिहीत नाही. वेळ संपली, बरोबरी होणार, म्हणून ‘चल फाशाने ठरवू कोण जिंकलं’ असं हसत म्हणणारी मुलं दर वर्षी भेटतात, त्यांना वाटतं ही खिलाडूवृत्ती, आणि मॅच जाते. ‘तू सोड, बक्षिसातलं अर्धं तुला’ हे तर लाच. ‘ड्रॉ घेऊया का?’ एवढंच विचारणं मात्र चालतं. प्रत्येक खेळाचा तराजूही वेगळा, पोकेमॉनमध्ये वॉर्निंग आणि गेम लॉसच्या मधे प्राइझ कार्डांची शिक्षा आहे, मॅजिकमध्ये तशी मधली पायरी नाही, म्हणून तिथलं इथे आणून वाद घालू नकोस.

निकाल पटला नाही तर शांतपणे ‘मला हेड जजकडे अपील करायचंय’ म्हणायचं, ते उद्धटपणाचं नाही, मला स्वतःला बरं वाटतं. पण फ्लोअर जजचं (टेबलावर आधी आलेल्या जजचं) बोलणं पूर्ण होऊ द्यायचं. तुझ्या स्पर्धेत एकच जज होता म्हणजे तोच हेड, तिथे शब्द शेवटचा. आणि निकालाला मिनिटाच्या वर लागला तर जादा वेळ मागून घे, बऱ्याचदा दोघंही विसरतात.

जज व्हायचंय तर कॉम्प्रिहेन्सिव्ह रूल्सचं ते जाडजूड बाड पहिल्या पानापासून वाचायला बसू नकोस, ते शब्दकोशासारखं आहे, अडलं की उघडायचं. आधी स्टोअर लेव्हलचं, जजिंग अ‍ॅट रेग्युलर, अगदी दोन-चार पानांचं. मग टूर्नामेंट रूल्स, मग इन्फ्रॅक्शन प्रोसीजर गाइड, तुझी ती मॅच पूर्णपणे या तिसऱ्यात आहे. सगळी मॅजिक काढणाऱ्या विझार्ड्स कंपनीच्या साइटवर फुकट. सर्टिफिकेटची व्यवस्था मध्ये बदलली, जज अकॅडमी 2019 ला सुरू होऊन 2023 ला बंद झाली, आता भागाभागाप्रमाणे वेगळं चालतं, त्यामुळे जवळच्या एखाद्या जजला धरणं हाच सरळ रस्ता. पुढच्या शुक्रवारी खेळू नकोस. स्टोअरच्या माणसाला विचारून एका मॅचच्या बाजूला उभा राहा, आणि तोंड न उघडता फक्त एक काम कर, प्रत्येक टर्नला दोघांच्या हातात किती पत्ते असायला हवेत ते मनात मोजत राहा. सहाव्या टर्नपर्यंत आकडा जुळला तर मला कळव.